म्हापशातल्या १० बाय ११ च्या बेडरूममध्ये पलंग, कपाट, टेबल आणि आजीची पेटी कशी बसवावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि कागदावर खोली काढूनच उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय ते असं: म्हापशात दुसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट, बेडरूम १० बाय ११ फूट. दार पूर्वेच्या भिंतीत, दक्षिणेच्या टोकाला. चार फुटांची खिडकी पश्चिमेला, भिंतीच्या मध्यावर. उत्तरेला तुमचीच दुसरी खोली, दक्षिणेला शेजाऱ्यांचा फ्लॅट. यात ६ फुटी पलंग, ७ फुटी कपाट, पत्नीला घरून काम करायला टेबल आणि आजीची ३ फुटी सागवानी पेटी हवी आहे. सुतार म्हणतो सगळं बसतं, आई म्हणते खोली कोंडून जाईल. ऐकायचं कुणाचं?

आईचं ऐका, पण सुतारही खोटं बोलत नाही. बसतं म्हणजे भिंतीला भिंत लागून मावतं. तुम्हाला मात्र त्यात रोज वावरायचं आहे.

मी फोंड्याजवळ राहते. सासऱ्यांनी सुरू केलेली सुतारकामाची शेड आता नवरा आणि दीर चालवतात. लोकांच्या घरी जाऊन मापं घेणं आणि मांडणीचा नकाशा काढणं गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे जे लिहिते ते रोजच्या कामातलं आहे.

सगळ्यात आधी पश्चिमेची भिंत. आपल्याकडे गोव्यात जूनच्या सुरुवातीला पाऊस आला की सप्टेंबरपर्यंत सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, आणि तो नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर येतो. म्हणजे तुमची खिडकीची भिंत चार महिने मार खाणार. भिंत चिऱ्याची असो की सिमेंटच्या ब्लॉकची, बाहेरून भिजली की आतून थंड राहते. तिला कपाट चिकटवलं की मागे हवा हलत नाही आणि हवेतला ओलावा त्या थंड भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर बसतो.

हे मी आमच्याच घरात शिकले. २००९ मध्ये आम्ही घर बांधलं आणि झोपायच्या खोलीतलं कपाट पश्चिमेला लावलं, कारण बाकी मांडणी त्यामुळे सोपी होत होती. पहिलाच पावसाळा. चतुर्थीच्या दोन दिवस आधी लग्नातला शालू काढायला कपाट उघडलं तर आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. शालूची घडी उलगडली. काठावर मोहरीएवढे राखाडी ठिपके होते, बरोबर घडीच्या रेघेवर, ओळीने. आतल्या पाठीच्या फळीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. दोघा भावांनी मिळून कपाट पुढे ओढलं, तेव्हा भिंतीवर कपाटाच्याच आकाराचा काळपट डाग दिसला. शालू धुऊन आणला, ठिपके फिके झाले, गेले नाहीत. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की मी पहिला प्रश्न विचारते, पाऊस कुठल्या भिंतीवर येतो?

तुमचं नशीब असं की बाहेरची भिंत एकच आहे. उत्तर, पूर्व आणि दक्षिण तिन्ही आतल्या भिंती. म्हणून कपाट उत्तरेला, पलंगाची उशी दक्षिणेला आणि पश्चिमेला काहीही टेकवायचं नाही. डोकं दक्षिणेला येतं, तेव्हा घरातली मोठी माणसंही खूश राहतील. मी मात्र ओलीकडे बघून सांगते आहे.

आता मापं. १० बाय ११ हे तुम्ही बिल्डरच्या नकाशावरून लिहिलं असेल तर थांबा. नकाशातलं माप पुष्कळदा गिलाव्याआधीचं असतं. दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून एक-दीड इंच खातो, खाली टाइल्सची स्कर्टिंग दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच पुढे येते. म्हणजे जमिनीलगत १० फुटांचे ९ फूट १० इंचही राहत नाहीत. टेप तीन उंचीवर लावा: स्कर्टिंगवर, कमरेला आणि डोक्याच्या वर. भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. भिंतीला भिंत घट्ट बसेल असं कपाट सर्वात मोठ्या मापावर केलं तर ते तिथे उभंच राहत नाही, मग साइटवर तासायची वेळ येते. दाराचं माप घेताना चौकट सोडून फळीचं घ्या आणि ती उघडल्यावर कुठपर्यंत येते ते खडूने जमिनीवर आखा. स्विचबोर्ड, एसीचा पॉइंट, पंख्याचा हूक, खिडकीच्या कठड्याची उंची हे सगळं त्याच कागदावर हवं.

क्षेत्रफळाचंही भान ठेवा. १० बाय ११ म्हणजे सुमारे १०.२ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या निदान एका राहत्या खोलीसाठी ९.५ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंदी ही किमान मर्यादा दिली आहे. तुमची खोली त्या रेषेच्या जेमतेम वर आहे. अशा खोलीत एक-एक इंच मोजावा लागतो, त्यात कंजूषपणा नाही.

लोक आधी सामान मांडतात आणि उरेल त्यातून चालतात. मी उलटं करते, आधी चालायची वाट आखते. दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. माणूस सरळ चालायला २ फूट लागतात, हातात बादली किंवा कडेवर मूल असेल तर अडीच. कपाटापुढे उभं राहून वाकायचं असेल तर ३ फूट असले तर उत्तम, सव्वादोन फुटांत निभतं, त्याखाली नको.

आणि हे कागदावर बघून कळत नाही, जमिनीवर बघावं लागतं. जुनी वर्तमानपत्रं घ्या, चिकटपट्टीने जोडून पलंगाच्या, कपाटाच्या, टेबलाच्या खऱ्या मापाचे तुकडे करा आणि रिकाम्या खोलीत अंथरा. डिचोलीला एका घरी असं केलं होतं. मुलगा आणि सून ६ फुटी पलंगावर ठाम होते. कागद अंथरून झाल्यावर त्यांच्या आईला म्हटलं, तुम्ही रात्री उठता तशा उठून दारापर्यंत जा. दिवे बंद केले. माउली कागदाच्या कडेवर बसल्या, पदर सावरला, उठल्या आणि एक हात भिंतीला लावून निघाल्या. तिसऱ्याच पावलाला त्यांचा पाय कागदावर पडला, कर्रर्र आवाज झाला. खरा पलंग असता तर नडगीला कोपरा बसला असता. दिवा लावल्यावर कुणी काही बोललं नाही. मुलाने स्वतःच कागद घेतला आणि एका बाजूने फूटभर दुमडला. तुमच्या आईंना घेऊन हेच करून बघा, बोलण्याने न सुटणारा वाद तिथे पाच मिनिटांत सुटेल.

तुमच्या खोलीतलं पलंगाचं गणित असं. पूर्व-पश्चिम १० फूट म्हणजे १२० इंच. दाराची फळी आत उघडून दक्षिणेच्या भिंतीलगत राहते, तिला चौकटीसकट ३६ इंच सोडा. उरले ८४. त्यात ७२ इंची पलंग ठेवला तर खिडकीकडे फक्त १२ इंच, आणि तेही पलंग दाराच्या फळीला टेकलेला. गिलाव्याचे इंच गेले की तेवढेही नाहीत. खिडकीकडे झोपणाऱ्याला रोज पायथ्याकडून उतरावं लागेल आणि चादर घालताना तुम्ही गादीवर गुडघे टेकून चढाल. तेच पलंग ६० इंची, म्हणजे ५ बाय साडेसहा फुटांचा केला तर २४ इंच मोकळे मिळतात. त्यातले १८ खिडकीकडे, ६ दाराकडे. अठरा इंचांत माणूस नीट उतरतो, चादर खोचता येते, भिंत आणि गादी यांच्यामध्ये हवा राहते. नकाशातल्या मापातून एखाद-दोन इंच कमी झाले तर ते दाराकडच्या सहातून जाऊ द्या, खिडकीकडच्या अठराला हात लावू नका. ५ फुटांत दोन मोठी माणसं आरामात झोपतात. मूल लहान आहे आणि मध्ये झोपतं म्हणून ६ फुटी हवा असेल, तर मूल दोन-तीन वर्षांत वेगळं झोपेल, पलंग पंधरा-वीस वर्षं राहील, एवढं मनात धरा.

६ फुटी पलंग, कपाट आणि टेबल मिळून जवळजवळ ५८ चौरस फूट होतात, खोलीच्या ११० मधले अर्ध्याहून जास्त. ५ फुटी केला की साडेएकावन्नच्या आत येतं. अर्ध्याच्या खाली राहिलं की खोली श्वास घेते, हा माझा अनुभव आहे. तुमच्या आईंना जे कोंडल्यासारखं वाटतं ते याच सहा-सात फुटांमुळे.

पलंगाला मोठी गुबगुबीत उशीची पाठ करू नका. गादी ७८ इंच, चौकट आणि साधी फळी धरून ८१. उत्तरेला कपाट, मागच्या दोन इंच मोकळ्या जागेसकट २४ इंच खोल. ११ फूट म्हणजे १३२, त्यातून १०५ गेले, मध्ये २७ इंच उरले. म्हणजे सव्वादोन फूट, मघाशी म्हटलं त्या मर्यादेवर बरोबर. चार-पाच इंच जाड पाठ लावली की तुम्ही त्या मर्यादेखाली गेलात.

कपाट ७ फुटी ठेवा, तिथे तडजोड नको. ईशान्येच्या कोपऱ्यापासून सुरू करा. चार झडपा केल्या तर प्रत्येक २१ इंचांची येते, २७ मध्ये ती पूर्ण उघडते. तीनच झडपा केल्या तर २८ इंचांची एकेक झडप पलंगावर आपटेल, म्हणून सुताराला चारच सांगा. सरकत्या झडपांचा आग्रह कुणी धरला तर लक्षात ठेवा, त्यांच्यासाठी कपाट २६-२७ इंच खोल करावं लागतं आणि वाचवलेली जागा तिथेच परत जाते. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगलं की खालची पट्टी अडते. वर लॉफ्ट करणार असाल तर पंखा बघा. हूक खोलीच्या बरोबर मध्यावर असेल आणि पात्यांचा घेर ४ फुटांचा असेल, तर लॉफ्टची झडप उघडताना पात्याच्या अगदी जवळून जाते. झडप थोडी मोठी झाली किंवा हूक थोडा उत्तरेला असला तर लागलीच म्हणून समजा. लॉफ्टच्या झडपा वर उचलायच्या करू नका, त्या तर सरळ पंख्याकडेच जातात.

आतली भिंत असली तरी कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि खाली चार इंचांचे पाय द्या. पुसताना पाणी लागत नाही, वाळवी चढली तर दिसते. पाठीच्या फळीला वर आणि खाली हवेला भोकं ठेवायला सांगा. शालू, पैठणी, लोकरीचं काही असेल ते सर्वात वरच्या किंवा खालच्या खणात न ठेवता मधल्या खणात, सुती कापडात गुंडाळून. आश्विनात ऊन पडलं की एकदा सगळं बाहेर काढून वाळवायचं, ही आपल्या आज्यांची पद्धत कुठल्याही डबीतल्या गोळ्यांपेक्षा चांगली.

टेबल वायव्येच्या कोपऱ्यात, कपाटाच्याच रांगेत. उत्तरेच्या भिंतीचे १० पैकी ७ फूट कपाटाने घेतले, उरलेल्या ३ फुटांत पावणेतीन फूट रुंद, २० इंच खोल टेबल छान बसतं. हात लिहिणारा उजवा असेल तर खिडकी डावीकडे येते, सावली कागदावर पडत नाही, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर उजेडाची चमकही समोरून येत नाही. खिडकी मध्यावर असल्यामुळे टेबल तिच्या थेट समोर नाही, जोराच्या सरीत शिंतोडे पोहोचणार नाहीत. खुर्ची मागे सरकवायला पलंगाच्या पायथ्यापर्यंत अडीच फूट मिळतात, चाकाची मोठी खुर्ची नको, साधी घ्या. टेबलाला पश्चिमेच्या भिंतीपासून तीन बोटं सोडा आणि त्याला खणांची पेटी न करता चार पाय ठेवा, म्हणजे कोपऱ्यात ओल धरली तरी दिसेल. कामाच्या तारा ओढण्यासाठी स्विचबोर्ड टेबलाच्या वर एक फुटावर हवा, मागे लपलेला नको. भिंत रंगवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला सांगा, नंतर तोडफोड होते.

एसी पश्चिमेच्या भिंतीवर उत्तरेच्या टोकाला. बाहेरची भिंत असल्याने नळी लहान लागते, पाणी सरळ बाहेर पडतं, आणि वारा झोपणाऱ्याच्या डोक्यावर न येता पायथ्यावरून जातो.

आता आजीची पेटी. तुम्ही लिहिलंय, 'जागा नसेल तर गावी परत पाठवू.' नका पाठवू. पूर्वेची भिंत बघा. दाराच्या चौकटीनंतर कपाटापर्यंत तिथे जवळजवळ सहा फूट मोकळी आतली भिंत आहे. कपाटाची टोकाची झडप उघडून पावणेदोन फूट पुढे येते, तेवढे सोडले तरी ३ फुटी पेटी मधल्या जागेत बसते. दीड फूट रुंद असेल तर पलंगाची कड आणि पेटी यांच्यामध्ये २ फूट वाट राहते. पेटी गुडघ्याएवढी उंच असल्याने डोळ्याला भिंत दिसत राहते, कपाटासारखं अंगावर येत नाही. तिच्यावर बसून पायमोजे घालता येतात, रात्री चश्मा आणि पाण्याचा तांब्या ठेवता येतो, म्हणजे त्या बाजूला वेगळं छोटं टेबल घ्यायलाच नको. आत पावसाळ्यात न लागणाऱ्या गोधड्या ठेवा. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला सुती पिशवीत घाला आणि झाकण महिन्यातून एकदा दुपारभर उघडं ठेवा. खालून चार लाकडी गोट्या द्या म्हणजे तळ फरशीला लागणार नाही. पितळी कड्या असतील तर लिंबाने घासा, रंग लावू नका.

खिडकीबद्दल एकच. जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांची जनेलं होती, ती मंद उजेड देत आणि पाऊस थोपवत. आपण आजही खिडकीला जनेल आणि कपाटाला अलमारी म्हणतो, दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. तुमच्या सरकत्या काचेला तो गुण नाही. बाहेरून दीड-दोन फुटांचा छज्जा असेल तर ठीक, नसेल तर सोसायटीला विचारून छोटं छप्पर लावून घ्या. पडदा लांब नको, कठड्याखाली चार इंचांपर्यंत पुरे. जमिनीपर्यंतचा पडदा पहिल्या पावसाळ्यात खालून काळा पडतो.

साहित्याबद्दल सुतार काय लावतो ते विचारा. कपाटाला किमान बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय, शक्य असेल तर आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय. भुशाच्या दाबलेल्या बोर्डचं तयार कपाट स्वस्त मिळतं, पण आपल्या हवेत त्याच्या कडा फुगतात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी चिकटवलेली हवी, आतल्या बाजूलाही. ओलावा कडेतूनच शिरतो. पलंगाला सागवान परवडत नसेल तर माट्टीचं, म्हणजे ऐनाचं लाकूड बघा, टणक असतं. गादीखाली सलग प्लाय टाकत असाल तर त्याला रुपयाएवढी भोकं पाडून घ्या, नाहीतर गादीची खालची बाजू घामाने आणि दमट हवेने ओलसर राहते. खाली बंद खोक्याचा पलंग मी करू देत नाही. सहा इंच पाय, खाली झाडू फिरला पाहिजे.

आणि सामान वर जाणार कसं, हे आजच बघा. दुसरा मजला आहे, लिफ्ट लहान असेल. जिन्याच्या वळणावर दोन्ही बाजूंनी टेप लावा. ७ फुटी कपाट एकसंध वर जाणार नाही, साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन भाग करून जागेवर जोडायला सांगा, त्याने पुढे घर बदलतानाही सोय होते. पेटीसाठी चार माणसं लागतील, सागवान जड असतं. ती सगळ्यात आधी आत घ्या, पलंग लागल्यावर तिला वळवायला जागा मिळत नाही.

दिवाळीपर्यंत राहायला जायचं म्हणता. भिंती नव्या असतील तर कपाट लावायच्या आधी खिडक्या उघड्या ठेवून त्यांना वाळू द्या, ताज्या गिलाव्यातलं पाणीही बुरशीला पुरतं. एका पावसानंतर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. कुठे थंड लागलं, रंग फुगलेला दिसला तर तिथे पेन्सिलीने खूण करा आणि खरी मापं घेतलीत की त्या खुणेसकट इथेच लिहा. खिडकीच्या कठड्याची उंची आणि दाराच्या फळीचं माप नक्की द्या, मी नकाशा परत काढून देईन.